महाळुंग्याच्या मैदानाकडेचा ऊस

…उद्या सकाळी कोयते घेऊन या, असे गोरख पडवीत ऊसतोड टोळीच्या मुकादमाला सांगतो आहे. सरूबाईने साक्षीदारांना मागच्या दाराने आत घेतले आहे. गोरखचे बोलणे संपायच्या आत मला हे पुरे करायचे आहे.

मी चांगदेव रखमाजी चासकर, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. मी शुद्धीवर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट मुलाला कळले तर तो थांबवील. खालील सर्व मिळकत माझ्या कमाईची आहे. माझ्यामागे तिची वाटणी अशी व्हावी.

१. राहते घर पत्नी सरूबाई हिला. तिची खोली कोणी बदलू नये.

२. ओढ्याकाठची जमीन, विहीर, मोटार व ट्रॅक्टर मुलगा गोरख याला. तो कष्टाळू आहे. पुढचे कलम त्याच्या विरोधात आहे असे वाटेल. तसे नाही.

३. बास्केटबॉलचे मैदान व त्याला लागून असलेला उसाचा तुकडा श्रीमती बिबिजान, राहणार जुन्नर, यांना. हा ऊस तोडायचा की ठेवायचा, हे त्यांनीच ठरवावे.

कारण नोंदवतो. कुकडी-घोड बास्केटबॉल लीग १९९६ ते २००२ चालली. मंचर, ओतूर, निमगाव सावा, महाळुंगे असे संघ होते. खेळाडूंना मानधन होते. महाळुंग्याचा संघ माझा. बिबिजान यांचा मुलगा उमर त्यात खेळे. २००१ च्या जानेवारीत निमगाव सावाशी सामना चालू असताना, भर दुपारी, बॉल उसात गेला. उमर आणायला गेला. बॉल बाहेर आला: दोन्ही हातांनी दिलेला सरळ पास, छातीच्या उंचीवर. खेळ पुढे सुरू झाला. उमर लघवीला थांबला असेल असे सर्वांनी धरले, बदली खेळाडू उतरला. सामना संपून फोटोसाठी रांग लागली, तेव्हा तो नाही हे कळले.

पोलिसांनी ऊस सरी-सरीने पाहिला. वनखात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावला. रक्त नाही, बूट नाही. पावले फक्त आत जाणारी.

लीगच्या अध्यक्षांनी ‘परवानगीशिवाय मैदान सोडले’ म्हणून त्याचे नाव कमी केले. अध्यक्षांना माझ्याकडून काही नाही. तेराव्यालाही बोलावू नये.

पुढे उसात बॉल गेला की कोणी आत जात नसे. कडेला उभे राहून म्हणायचे, “उमर, बॉल.” बॉल येई. पाहुणे संघ पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा नाही. निमगाव सावाचे संघमालक गेणभाऊ एकदा म्हणाले, “चांगदेवभाऊ, त्यो आमच्या पोरांनाबी पास देतो. मग त्यो तुमचा गडी कसा, राव?”

बिबिजान आल्या. घरी चल म्हणून दुपारभर हाका मारल्या. पान हलले नाही. मग त्यांनी बॉल मागून घेतला आणि स्वतः आत टाकला. तो परत आला. हळू आला, आणि नेहमीपेक्षा खालून. बिबिजान ठेंगण्या आहेत.

“भाऊ, बॉलचं ऐकतो. माझं न्हाई.”

ऊस तोडून पाहू का, असे मी विचारले.

“आन् तोडल्यावर आत कुनीच नसलं तर?”

तेव्हापासून मी तोड लावलेली नाही. ऊस पडला, पुन्हा फुटला. आता त्यात उजेड जात नाही.

४. नात श्रेया हिला पतसंस्थेतील ठेव. तिला बास्केटबॉल जरूर शिकवावा, पण मंचरला. काल ती उसाच्या कडेला दोन्ही हात पुढे करून उभी होती. आत बॉल गेलेला नव्हता. गोरखने तिला उचलून आणले आणि मला म्हणाला, “आण्णा, लई झालं. ही पोर माझी हाय.” त्याचे बरोबर आहे. बिबिजान यांचेही बरोबर आहे.

५. संघाचा सराव घेताना वाजवायचो ती माझी शिट्टी गेणभाऊंना द्यायची होती. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. ती विहिरीत टाकावी.

६. मृत्युपत्र हयातीत लागू होत नाही, हेही वकिलांनी समजावले. टोळी सकाळी येणार आहे. मधला वेळ माझा आहे.

स्वतः लिहिले, वाचले, सही केली.

चांगदेव रखमाजी चासकर

साक्षीदार:
गेणभाऊ सखाराम गाडगे, निमगाव सावा
जानकू बाळा केदारी, महाळुंगे पडवळ (मैदानाच्या चुन्याच्या रेघा हेच मारत)

स्थळ: महाळुंगे पडवळ
दिनांक: १४ मार्च २००४

१५ मार्च, गेणभाऊंच्या हातचे: सकाळी टोळी आली. चांगदेवभाऊ घरात नव्हते. त्यांच्या चपला उसाच्या कडेला होत्या. गोरखने ‘आण्णा’ म्हणून बराच वेळ हाका मारल्या. कोणत्या बाजूने सुरू करायचे, असे मुकादमाने विचारले. गोरखने टोळी परत पाठवली.