वाढवलेला साबण

२ एप्रिल
रुजू झाले. जळगाव जामोदहून सकाळची बस, खामगावला बदलली, दहाला दवाखान्याच्या दारात. बाळंतपणाचा आणि लहान मुलांचा दवाखाना. वरच्या मजल्यावर नवजात बाळांसाठी काचेची खोली, सहा वॉर्मर, म्हणजे उबेच्या खाटा. भिंती पांढऱ्या, फरशी ओली, खिडकीतून कडुनिंब. फार आवडलं.

डॉक्टरांनी स्वतः चहा मागवला. पंचविसाला तपासणीचं पथक येणार आहे. मला दोन कामं: काचेच्या खोलीची दिवसपाळी आणि हात धुण्याची नोंद. बाळाला हात लावण्याआधी कोण धुतं, कोण नाही, तक्त्यावर खूण करायची. नर्सिंगला मी यातच पहिली आले होते, हे त्यांनी कागदांत वाचलं होतं. म्हणाले, पायल सिस्टर, आता हे हात तुमच्या ताब्यात.

संध्याकाळी सुवर्णाताईचा फोन. तिला आठवा लागला आहे. आधीची दोन पोटातच गेली. म्हणाली, मी तिथंच येतो बाळंतपणाले, तू हायेस तं मले भेव नाई.

४ एप्रिल
कोपरापासून खाली काही घालायचं नाही, हा नियम मी सगळ्यांना सांगितला आणि आधी स्वतः पाळला. बांगड्या काढताना एक बेसिनवर आपटली. फुटली, मी म्हणाले. मंजुळाबाई फरशी पुसत होत्या. आया आहेत, बावीस वर्षं इथे, सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी मला तिथल्या तिथे झापलं. फुटली म्हनू नये बाई, वाढली म्हनाव. शिकलेल्या पोरी तुमी, एवढं कळत नाई काय? तुकडे त्यांनीच वेचले.

७ एप्रिल
नळ अकरा दिवसांनी येतो. पाणी गच्चीवरच्या ड्रमांत भरून ठेवतात. हात धुण्याचा साबण पातळ, पिवळसर, बेसिनवर बाटलीत. महिन्याचा साठा आज संपत आला. सॅनिटायझरचं खोकं आहे, पण ते कपाटात कुलपात. डॉक्टर म्हणाले, ते पंचविसाला बाहेर काढू. आणि बेसिनवर रिकामी बाटली दिसता कामा नये, एवढं तुम्ही बघा.

बघितलं. घरी आई शाम्पूचं करते तेच केलं. ड्रमातलं पाणी घातलं, हलवली, फेस आला. बाटली काठोकाठ. डॉक्टरांनी विचारलं, कसं जमवलं? मी म्हटलं, वाढवला. ते हसले. सगळ्यांसमोर शाबासकी.

११ एप्रिल
पुन्हा वाढवला. तळाशी असतं त्यातच घालते, त्यामुळे काही वाया जात नाही. रंग किंचित हिरवट झालाय. वास छान येतो, पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा. आधी असा नव्हता.

तक्ता चांगला भरतोय. फक्त मंजुळाबाई बाटलीला हात लावत नाहीत. मागच्या हापशीवर जातात, पत्र्याच्या डबीतून कपड्यांच्या साबणाची वडी काढतात, खसाखसा घासतात. काऊन, विचारलं तर म्हणाल्या, थ्या बुळबुळीनं हात धुतल्यासारका नाई लागत. तुमची बाटली तुमाले, माही वडी मले.

त्यांच्या नावापुढे लाल फुली. आज सहा झाल्या.

१५ एप्रिल
तीन नंबरचं बाळ गेलं. चार दिवसांचं होतं. काल दूध ओढत होतं, सकाळी पाय गार पडले, दुपारी संपलं. बापाने दुपट्यात घेतलं आणि जायच्या आधी आम्हाला हात जोडले. आमच्या हातांकडे बघून जोडले, असं मला उगाच वाटलं.

वॉर्मरमधलं दुसरं दुपटं धुवायला टाकताना वास आला. द्राक्षांचा.

१७ एप्रिल
पाच नंबरचंही. तेच. पाय गार, मग पोट फुगलं, मग—

दोघांच्या रक्तात एकच जंतू निघाला. अकोल्याच्या लॅबच्या बाई आल्या. आम्हा आठ जणांच्या तळहातांवरून, नखांखालून ओला कापूस फिरवला, आठ नळ्या नेल्या. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, कोण धुत नाही? तुमचा तक्ता काय म्हणतो?

मी तक्ता पुढे केला. चौदा लाल फुल्या, एकाच नावापुढे.

१८ एप्रिल
मंजुळाबाईंना काढलं. त्या भांडल्या नाहीत. डबी माझ्या हातात ठेवली, म्हणाल्या, ठेव, मले आता काय करायची हाय. मग माझी बोटं धरून नाकाशी नेली. म्हणाल्या, पोरी, तुह्या हाताले लय ग्वाड वास येते. काऊन येते?

साबणाचा, म्हटलं. त्यांनी बोटं सोडली.

आता सगळे बाटलीनेच धुतात. तक्ता पूर्ण. शंभरपैकी शंभर.

२० एप्रिल
ताईला मुलगी झाली. दीड महिना आधी, दीड किलो. सहा नंबरच्या वॉर्मरमध्ये ठेवली. काचेबाहेरून ताई बघत राहते. मी मुलीला उचलायच्या आधी दोनदा धुतले, नियमाप्रमाणे, बोटांच्या फटी, अंगठे, नखं. मग तिसऱ्यांदा. तिने माझं बोट पकडलं. सोडेना.

जेवताना भाकरीला वास आला. भाकरी टाकून दिली.

२२ एप्रिल
रिपोर्ट आला. इंग्रजीत होता, कुणाच्या हातावर जंतूंची वाढ सापडली ते मी वहीत मराठीत उतरवलं.

डॉक्टर: वाढ आहे.
मी: वाढ आहे.
बाकी पाच जणांपुढेही तेच: वाढ आहे.
मंजुळाबाई: वाढ नाही.

बाळांच्या रक्तातला जंतू, तोच. तीन वेळा वाचलं. मग बेसिनपाशी जाऊन बाटलीचं तोंड फिरवून काढलं. आत बोट घातलं. काचेवर शेवाळासारखा थर, हिरवा, मऊ. वास इतका की डोकं गरगरलं. सात तारखेपासून एकदाही रिकामी केली नव्हती. मीच वाढवत होते. आणि जो जितक्या वेळा धुवेल तितका—

मी सगळ्यांना धुवायला लावलं. खुणा करून.

२३ एप्रिल
डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बाटली फेकायला लावली, नवीन आणवली. रिपोर्ट खणात ठेवला. म्हणाले, दोन दिवसांवर पथक आहे. आयाच्या निष्काळजीपणामुळे झालं, तिला काढलं, कागदावर हे स्वच्छ दिसतं. तक्ता तुमच्याच सहीचा आहे, सिस्टर. तुम्ही आत्ता काय म्हणणार?



सॅनिटायझर मागितलं. परवा, म्हणाले.

हापशीवर गेले. मावशींच्या वडीने घासले. कोपरापर्यंत. कातडी सोलली. हुंगले. आहे. पुन्हा घासले. आहे. नखात आहे की नाकात, कळत नाही. दोन बाळं माझ्या—

सहा नंबरचे पाय बघितले. लांबून. गार आहेत का? हात लावल्याशिवाय कसं कळणार. हात लावायचा तर—

२४ एप्रिल, सकाळ
दूध ओढत नाही.

दुसऱ्या सिस्टरला म्हटलं, तू बघ. ती म्हणाली, तुमचीच भाची ना, तुम्हीच बघा.

दुपटं हुंगलं. येतोय. नाही येत. येतोय.

२४ एप्रिल, दुपार
पाय गार.

डॉक्टर इंजेक्शन लिहून खाली गेले. खाली गालिचा अंथरतायत. कपाट उघडलं, सगळ्या दारांवर बाटल्या लावतायत. नव्या. भरलेल्या.

ताई टाके धरून जिना चढून आली. आत आली. तिला सगळं सांगणार होते. तोंड उघडलं. तिने मुलीला वॉर्मरमधून उचललं, माझ्यापुढे धरलं. म्हणते, घे, दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नको माह्या लेकराले. मले तुह्याच हाताचा भरोसा हाय.

मी हात पाठीमागे घेतले. वही बगलेत होती, टेबलावर टाकून उभ्यानेच लिहितेय, म्हणजे हात गुंतलेले दिसतील. ती अजून धरून उभी आहे. म्हणते, काय लिहून राह्यली, घे न वं. मुलगी रडत नाही. ताई, मी म्हटलं, माझे हात