सोप्यातला अभ्यास

प्रिय साईराज,

तानीबाई परवा पेढे घेऊन माझ्या दारात आली आणि प्लॉट मिळवून दिल्याबद्दल माझ्या पाया पडली, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. फोन पुन्हा करणार नाही. काल एकदा केला तो पुरे झाला. फोनवर तू ‘आत्ती, ऐक की’ म्हणतोस आणि मग समोरच्याला बोलूच देत नाहीस. कागद वाचताना तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. ‘प्रिय’ हा शब्द लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिला आहे.

दिवाळीनंतर तू आलास तेव्हा हातात पुस्तकं होती. मला वाटलं, चुकून दुसऱ्याची पिशवी उचललीस. तंबाखूची दलाली झाली, मोबाईलचं दुकान झालं, हायवेवरचा ढाबा झाला. पुस्तक घेऊन तू पहिल्यांदाच आलास. “आत्ती, पलीकडं म्हाराष्ट्रात प्लॉट इकायचं तर एजंटाला परीक्षा हाय रेराची. इंग्लिश तर कवाच इसरलोय, मराठीत देतो म्हटलं तर त्यातलं मराठी डोक्यावरनं जातंय.” तुझा दोष नव्हता. तुझ्या बापानं, मारुतीनं, तुला इंग्रजी शाळेत घातलं, तिथं दुसरी भाषा कन्नड. मराठी तू फक्त बोललास, वाचलं कधी नाहीस. ‘हस्तांतरण’ हा शब्द वाचताना तू चढावर सायकल मारल्यासारखा दमायचास. बेळगावात बी.ए. करून आयुष्यभर हायस्कुलात मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला, घरचंच पोर पन्नाशीच्या उंबऱ्यावर का होईना शिकायला आलं याचा आनंद होणारच. झाला.

मी म्हटलं, आत बस, टेबल आहे, पंखा आहे. तू म्हणालास, “हितं सोप्यातच बसूया आत्ती, वारं लई ग्वाड येतंय.” म्हणून आपण रोज संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून बाहेरच्या सोप्यात बसलो. गल्लीतून जाणारा-येणारा बघायचा. मी मोठ्यानं शिकवते, ती सवय जुनी. कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत ऐकू जात असेल.

तू शिकत होतास, हे मी नाकारत नाही. आपल्याकडच्या माणसानं करायच्या त्या चुका तू केल्यास. सातबाऱ्याला पहाणी म्हणालास. नदी हीच सीमा, तिच्या अलीकडचा कागद पलीकडं महाराष्ट्रात चालत नाही हे तुझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला. मग बुकिंगच्या रकमेचा धडा आला. बुकिंगची रक्कम म्हणजे काय, असं विचारलं तर तू म्हणालास, “संचकार की.” मी सांगितलं, संचकार आपण निपाणीत म्हणतो, बेळगावात म्हणतात, पलीकडं विसार म्हणतील, पण पुस्तकात बुकिंग आहे तर तू बुकिंगच म्हण. तू हसलास. “म्हंजे वस्तू तीच, नाव बदलायचं.” मीही हसले. शिकवताना विद्यार्थी हसला की शिक्षकाला वाटतं, समजलं.

एक प्रश्न तर मी रोज विचारायचे. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय त्यातला प्लॉट एजंटाला विकता येतो का? तू पुस्तक न बघता सांगायचास, “न्हाय. जाहिरात न्हाय, बुकिंग न्हाय, एक रुपया न्हाय.” बाकी सगळं चुकलं तरी हे उत्तर कधी चुकलं नाही.

माणसं यायची. मला वाटलं, तुझे मित्र, ओळखीपाळखीचे. “आत्ती, च्या टाक की जरा,” म्हणायचास आणि मी टाकायचे. चहा घेऊन बाहेर आले की तू त्यांना सांगत असायचास, “ह्या आमच्या आत्ती. हायस्कूलच्या बाई. आमचा सगळा कायदा ह्यांच्याच हाताखालनं चाललाय.” मला ते कौतुक वाटलं. एका माणसानं मला विचारलंही, “बाई, समदं कायद्यात बसतंय न्हवं?” समोर पुस्तक उघडं होतं. मी म्हटलं, हो, सगळं कायद्यात आहे, नीट वाचलं म्हणजे झालं. तो हात जोडून मला नमस्कार करून गेला. बाकीची माणसंही चहाचा कप खाली ठेवून नमस्कार करूनच जायची. तानीबाई पायरीवर बसलेली असायची. विड्या वळून झाल्या की घरी जाताना टेकायची. तिची दोन्ही पोरं माझ्या वर्गात होती, म्हणून ती पहिल्यापासून येते, असं मी समजत होते.

परवा ती पेढे घेऊन आली. म्हणाली, “बाई, आता माझा पत्ता म्हाराष्ट्राचा. नातवाला पलीकडच्याच शाळेत घालणार.” मी विचारलं, कुठला पत्ता. “आसं काय करतासा बाई, तुमच्याच सोप्यात बसून ठरलं की. साईराजनं संचकार घेतला, तुमी च्या दिलासा.” मग सगळं बाहेर आलं. गल्लीतली तिची राहती खोली तिनं विकायला काढली आहे. त्या खोलीचा तिला जो संचकार मिळाला तोच उचलून तिनं तुला दिला. महिनाअखेर खोली मोकळी करून द्यायची आहे आणि ती पलीकडच्या माळावर जाऊन घर बांधणार आहे. तू दिलेल्या चिठ्ठीवर नोंदणीचा नंबर कुठंच नव्हता. मी म्हटलं, तानीबाई, त्या जागेची नोंदणी झालेली नाही, तो पैसा त्याला घेताच येत नाही. ती म्हणाली, “आन् मग तुमी त्येला इतकं दिवस शिकवलासा काय?”

 काल तिला घेऊन कागलची बस धरली, पुढं रिक्षा केली. तुझा प्रकल्प पाहिला. मुरमाड माळ, चुन्याच्या रेघा, आणि मध्ये फलक: ‘आता पत्ता महाराष्ट्राचा’. साईराज, आपल्या गावातली माणसं मी लहान होते तेव्हापासून ज्यासाठी मोर्चे काढत आली, लाठ्या खात आली, ते तू चुना मारून विकायला काढलंस. मला त्या फलकाची किळस आली. भगवा रंग, खाली तुझा हात जोडलेला फोटो, आणि फोटोखाली बारीक अक्षरात ‘कायदेशीर मार्गदर्शन: निवृत्त शिक्षिका’. नाव घातलं नाहीस तेवढी अक्कल होती.

तिथं एक म्हातारा तानीबाईच्याच प्लॉटच्या खुंटीला म्हैस बांधत होता. जागा कुणाची, विचारलं. म्हणाला, “आमची. अजून काय इकल्याली न्हाई, बोलणी चालल्यात.” मग तानीबाईला म्हणाला, “मावशी, तुमचा पलाट हाय व्हय? मग म्हस बांधू का सोडू?” त्याला गंमत वाटत होती. ती खाली बसली.

तिथूनच तुला फोन केला. तू काय म्हणालास ते तुझ्याच शब्दांत लिहिते. “आत्ती, मी बुकिंग कुठं घेतलंय? संचकार घेतलाय. तूच सांगितलीस न्हवं, परीक्षेत संचकार हा शब्दच न्हाई म्हणून?” मी आयुष्यात पुष्कळ विद्यार्थी नापास केले. धडा इतका चोख समजून त्याचा असा वापर करणारा तू पहिलाच. त्या शब्दाचा दुसरा अर्थ तुला सांगायचा राहिला होता. एखाद्याच्या जिवावर बेतलं, की मराठीत त्यालाही संचकार म्हणतात.

रात्री तुझ्या वडिलांचा फोन आला. “आक्का, पोराची परीक्षा तोंडावर हाय. चुकलं आसंल त्येचं. घरातलं घरात मिटव.” मी म्हटलं, मारुती, सोपा माझ्याच घराचा आहे ना, मग घरातलंच मिटवते आहे. त्यानं फोन ठेवला. तुझी बायको मात्र आज सकाळी आली. नीलम रडली नाही, तुझी बाजूही घेतली नाही. एवढंच म्हणाली, “आत्ती, त्येनी तुमच्याकडं शिकायला जातोय म्हटल्यावर मला लई बरं वाटलं हुतं.” आम्हा दोघींना एकाच गोष्टीनं फसवलंस.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. परवा कोल्हापूरला तुझी परीक्षा आहे. ती तू द्यायचीस आणि पास व्हायचंस. तू नापास व्हावंस असं मला मुळीच वाटत नाही, कारण नापास झालास तर उद्या तू उभा राहून म्हणशील, साहेब, मला कायदा माहीत नव्हता. तानीबाई तक्रार करते आहे, रेराकडं आणि पोलिसातही. तिच्याबरोबर माझी लेखी साक्ष जाईल. त्यात तुझ्या गुणदोषांचं वर्णन नाही. एवढंच लिहिलं आहे, की नोंदणीआधी एक रुपया घेता येत नाही हे साईराजला पूर्ण माहीत होतं. मी त्याला रोज विचारत होते आणि तो रोज बरोबर उत्तर देत होता. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी मी कळवते आहे. परीक्षेआधी तानीबाईचे पैसे परत केलेस तरी माझी साक्ष मागं घेणार नाही, कारण पायरीवर बसलेली ती एकटी नव्हती. बाकीच्यांची नावं तूच मला आणून द्यायची आहेस.

तुझीच, कारण आत्ती बदलता येत नाही,
जया

आज नीलमच्या हाती दिलं: सोप्यात राहिलेलं तुझं हॉलतिकीट, दोन्ही पुस्तकं, हे पत्र.
आज तानीबाईच्या हाती दिलं: माझ्या सहीची साक्ष, फलकाचे फोटो, आणि माझ्या घराच्या मागच्या खोलीची किल्ली.