ऑइल तापवायला

मंगळवार, १२ नोव्हेंबर

भावजी,

सप्रेम नमस्कार. आपण सगळे मजेत असाल अशी आशा आहे. इकडे आम्हीही ठीक. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, पत्र कितीही रागाचं असो, खुशालीच्या दोन ओळी आधी लिहाव्यात. त्या लिहून झाल्या.

तुमचा निरोप तुमच्या लेकीनं फोनवर सांगितला. दर रविवारी आम्ही तुमच्या घरासमोर गाडी लावून का बसतो, शेजारीपाजारी विचारायला लागलेत, काही म्हणणं असेल तर सरळ वकिलामार्फत कळवा. बिचारी अडखळत सांगत होती. स्वतः फोन उचलायला तुमचे हात मोडले होते का? आणि वकील कशाला? रस्ता काही तुमच्या नावावर नाही. आम्ही गाडी लावतो ती समोरच्या बंद दुकानापुढे, कुणाच्या फाटकाला आडवी नाही. विमा कंपनीत गाड्यांचे दावे तपासण्यात माझी अख्खी नोकरी गेली. गाडी कुठे उभी करावी ते निदान मला शिकवू नका.

आम्ही येतो ते ऑइल तापवायला. हसू नका, पुढे वाचा.

गाडी तीच, जुनी हायब्रिड. तुम्हाला विसरता येणार नाही अशी. तिचं इंजिन सारखं चालत नाही. निघते बॅटरीवर, मग लागेल तसं इंजिन आपणच सुरू होतं आणि सिग्नलला आपणच गप्प होतं. गेलं वर्षभर ती घर ते हॉस्पिटल आणि हॉस्पिटल ते घर एवढीच धावली. मध्ये दोन सिग्नल आणि एक पूल. एवढ्याशा अंतरात इंजिन धड तापत नाही. तापलं नाही की आत पाणी धरतं आणि ते ऑइलमध्ये मिसळतं. गॅरेजवाल्यानं ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं, तर आतल्या बाजूला पिवळट साय. मला किळस आली. ह्यांनी मात्र चष्मा लावून ती बोटानं पुसून पाहिली. स्वतःचे रिपोर्ट हे कधी इतक्या आवडीनं पाहत नाहीत.

हॉस्पिटलचं म्हणाल, तर ह्या वयात प्रत्येकाला कुठे ना कुठे जावंच लागतं.

गॅरेजवाला म्हणाला, "ऑइल बदलूया आणि आठवड्यातून एकदा गाडी लांब न्या, काकू. अर्धा तास सलग पळवा. ऑइल नीट तापलं की त्यातलं पाणी उडून जातं."

"लांब म्हणजे कुठे?"

"कुठेही. जा की नातेवाइकांकडे."

नातेवाइकांकडे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी काही सुनावणार तेवढ्यात हे म्हणाले, "आहे एक रस्ता." माझ्याकडे न बघता.

मग कुठलं ऑइल घालायचं ह्यावर दोघांचं जुंपलं. गॅरेजवाल्याचं म्हणणं, गाडी म्हातारी झाली, थोडं ऑइल पिते, तेव्हा जाडसर घालू. हे खुर्चीतून उठलेच. "पातळच पाहिजे. झिरो डब्ल्यू वीस. हिचं इंजिन दिवसभर बंद पडतं नि सुरू होतं. दर वेळी ऑइल ताबडतोब वरपर्यंत पोचायला हवं. जाड ऑइल रांगत येईपर्यंत वरचं सगळं कोरडंच घासणार." एवढं बोलून ह्यांना धाप लागली. हाताला धरून पुन्हा खुर्चीत बसवावं लागलं. गॅरेजवाला शहाणा, लगेच म्हणाला, "बरं, पातळ."

त्यानं दोन डबे आणून समोर ठेवले. एक साधा, एक चांगला, दोन्ही पातळच. "गाडी एवढ्यात काढायची असेल तर हे चालून जाईल. ठेवायची असेल तर हे घ्या. किती वर्षं ठेवणार आहात?"

हे म्हणाले, "चांगलं घाल. पुढे गाडीत ही एकटीच असणार आहे. रस्त्यात मध्येच बंद पडून चालायचं नाही."

भावजी, हे वाक्य वर्षभरात आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा आडवळणानं बोलायचे. आणि ह्यांनी ते त्या ग्रीसच्या वासात, परक्या माणसासमोर, ऑइलच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणून टाकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हणाले, "साधंच घाला. मला ही गाडी विकायची आहे."

"चांगलं घाल," हे म्हणाले.

"साधं!"

"काकू, तुमचं आधी ठरू द्या," गॅरेजवाला म्हणाला. मी पर्स उचलून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि समोरच्या पाट्या वाचू लागले. ऑइल चांगलंच घातलं गेलं. घरी येईपर्यंत आणि आल्यावरही त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही. दिवसाची अशी उधळपट्टी आता मला परवडण्यासारखी नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पुढच्याच रविवारी हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चल, ऑइल तापवून आणू." वळायचं कुठे ते हेच सांगत होते, पण दुसऱ्या वळणालाच मला कळलं. मी स्टिअरिंग वळवलं. तुमच्या घरासमोर आल्यावर म्हणाले, "जरा थांब. इंजिनाला दम घेऊ दे."

आम्ही खाली उतरत नाही. हे काच अर्धी खाली करून फाटकाकडे बघत बसतात. डावा खांब तुम्ही नवा बांधलात, पण रंग जुळवला नाहीत हेही ह्यांनीच मला दाखवलं. एका रविवारी तुम्ही बनियनवर पेपर घ्यायला बाहेर आलात. हे म्हणाले, "सुटलाय बघ किती. केस रंगवतो वाटतं." आणि हसले. इतके हसले की खोकला आवरेना. तोवर तुम्ही आत गेला होतात.

त्या खांबाबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण लिहिते. तुमची पोरगी ह्यांच्याकडे ह्याच गाडीवर शिकत होती. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं समजून तिनं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि गाडी सुसाट खांबावर. ही चूक हायब्रिडमध्ये कुणाचीही होते. असे किती दावे माझ्या टेबलावरून गेले. तिच्या कपाळाला खोक पडली, हे स्वतःच्या रुमालानं ती दाबून धरत होते, आणि तुम्ही पायऱ्यांवरून ओरडलात, "स्वतःचं मूल असतं तर दुसऱ्याच्या मुलीच्या जीवाशी असा खेळला नसतास, दादा."

हे काही बोलले नाहीत. आजतागायत नाहीत. तुम्हाला वाटत असेल, ते वाक्य दादाला लागलं म्हणून तो येईनासा झाला. मूल दोघांना नव्हतं, भावजी. मीही तिथेच उभी होते.

बुधवार

काल इथवर लिहून पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. फाडणार होते. आज पुढे लिहिते आणि सरळ लिहिते.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या फेऱ्या थांबल्या. बरं वाटलं म्हणून नव्हे. डॉक्टर म्हणाले, आता येण्याजाण्याचा त्रास देऊ नका, घरीच जेवढा आराम पडेल तेवढं बघा. फुप्फुसाचं आहे. तुमच्या लेकीला मी कळू दिलेलं नाही. कळवू नकोस असं ह्यांनी बजावलं आहे, म्हणजे तुम्हाला कळू नये म्हणून.

तर छोट्या फेऱ्या संपल्या, ऑइल नवं आहे. परवा गॅरेजवाल्यानं झाकण उघडून पाहिलं, आतून लख्ख. म्हणाला, "आता इथल्या इथे एक चक्कर मारली तरी पुरे, काकू." मी घरी येऊन ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "त्याला काय कळतंय! ऑइल तापायलाच पाहिजे. रविवारी जायचंच."

खोटे दावे मी जन्मभर वाचले. कारण संपलं तरी माणूस तेच वाक्य घट्ट धरून बसतो, तेव्हा मला कळायचं. हा एक दावा मी प्रश्न न विचारता मंजूर केला आहे.

मी तुम्हाला पत्र लिहिलंय हे ह्यांना ठाऊक नाही. कुरिअरनं पाठवते आहे, शनिवारपर्यंत मिळेल. रविवारी अकराच्या सुमारास आम्ही येऊ. फाटकाबाहेर या. पेपर घ्यायला आल्यासारखे या, कचरा टाकायला आल्यासारखे या, कसेही. मी खाली उतरेन, माझ्या जागेवर बसा. माफी मागू नका. ह्यांना ती ऐकवणार नाही आणि मी तर देणारच नाही. रडायचं असेल तर आधी घरात रडून घ्या. बोलायला काही सुचलं नाही तर गाडीत कुठलं ऑइल घातलं ते विचारा. हे सांगतील. सावकाश सांगतील, मध्येच श्वासासाठी थांबतील. तेव्हा त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तुम्हाला लहानपणापासून ती खोड आहे, असं हेच सांगतात.

मागच्या रविवारी गाडीपर्यंत यायला ह्यांना माझा खांदा लागला. ह्या रविवारी चाकाची खुर्ची लागेल, ती मी भाड्यानं आणून ठेवली आहे. त्यानंतरच्या रविवारचं मी कुणाला काही सांगू शकत नाही.

तुम्ही आला नाहीत तर ह्यांना काही कळणार नाही. ते मागच्यासारखेच फाटकाकडे बघत बसतील, मग म्हणतील, "चल, तापलं असेल." आणि मी गाडी वळवेन.

'तुमची' असं लिहीत नाही. ते रविवारी ठरेल.

वहिनी