रामाबुवांचे कोण?

नौपाडा, ठाणे
४ जानेवारी २०२६

चि. गुणाजीस,
अ. उ. आ.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. डॉक्टरांनी घशातली गाठ काढली. ती साधीच निघाली, पण माझा आवाज घेऊन गेली. घोगरं बोलता येईल म्हणतात, भजन मात्र विसरा म्हणाले. तुझी वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून घर पहिल्यांदा शांत आहे. कोणाला कशात सुख मिळेल, सांगता येत नाही.

आता कामाचं. माघी गणपतीला बाळकुमच्या देवळात पोपटबुवांच्या मंडळासमोर आपली भजनाच्या सामन्याची डबलबारी ठरलेली आहे. आपण गेलो नाही, तर पुढे कोणी विचारणार नाही आणि चौतीस वर्षांचं मंडळ बंद पडेल. तेव्हा बुवा म्हणून पुढे तू बस. पेटी तुला येते, उगाच नाही म्हणू नकोस.

आपली नात रसिका फ्लेक्स करते आहे. तुझ्या नावाखाली 'रामाबुवांचे' कोण लिहू, असं तिने विचारलं. मी 'पट्टशिष्य' लिहायला सांगितलं. सौ. शेवंतीला आशीर्वाद. उत्तर लवकर धाड.

तुझा,
रामादादा


विठ्ठलवाडी
७ जानेवारी २०२६

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून शेवंती रडली, मग मी रडलो. तुमचा आवाज गेला यावर अजून विश्वास बसत नाही.

पण दादा, पट्टशिष्य काय? तुम्ही मला समोर बसवून कधी शिकवलंत? मी मागे टाळ वाजवता वाजवता जमेल तेवढं उचललं. चाहता म्हणावं, तर हातात हार घेऊन नटाच्या गाडीमागे धावल्यासारखं वाटतं. भक्त हल्ली कोणी सरळ तोंडाने म्हणत नाही. रसिकाचा फोन आलेला, ती म्हणाली 'फॉलोअर' टाकू या. तिचे म्हणे अकराशे आहेत. मी विचारलं, त्यातले चहाला किती येतात? कंपनीत मला सगळे 'बुवांचं शेपूट' म्हणायचे. खरं सांगू, मला ते आवडायचं. शनिवारची पाळी बदलून तुमच्यामागे कुठे कुठे आलेलो मी!

मला भीती वाटते, दादा. इतकी वर्षं तुमच्या सदऱ्याची पाठ बघून गायलो. समोरची माणसं कधी नीट पाहिलीच नाहीत. म्हणेल कोणीतरी की शेपूट पुढे आलं, आणि तुमच्या नावाला बट्टा लागेल. बारी दुसऱ्या मंडळाला द्या. राग धरू नका, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
गुणाजी


नौपाडा, ठाणे
१० जानेवारी २०२६

चि. गुणाजीस,
अ. उ. आ.

शिष्य खोडायला सांगितलं. आता मुकाट्याने पुढचं वाच.

बारा वर्षांपूर्वी तुमच्या विठ्ठलवाडीच्या मैदानात बारी होती. गजराच्या दुसऱ्या कडव्याला माझी पाटी एकदम कोरी झाली. तू मागून ते कडवं उचललंस, जसं काही आधी ठरलंच होतं. लोक म्हणाले, बुवांनी कोरसला काय खुबीने जागा दिली! मी मान डोलावली आणि वाहवा खिशात घातली. तुला मात्र एका शब्दाने काही बोललो नाही. त्यानंतर प्रत्येक बारीत माझा एक कान मागे असायचा. तू श्वास घेतलास, की मी वरचा सूर धरायचो. हे कबूल करायला आवाज जावा लागला, याची मला लाज वाटते.

फ्लेक्सवर नुसतं 'बुवा गुणाजी' छापून आलं आहे. मागे टाळाला एक माणूस कमी पडेल, तिथे मी बसेन. तू नाही म्हणालास, तर मला बसायला कुठेच जागा उरत नाही. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
रामादादा


विठ्ठलवाडी
२३ जानेवारी २०२६

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही तिथे होतातच, तरी लिहितो. हे तोंडाने मला सांगता आलं नसतं.

पहिली ओळ मी म्हटली, मंडळींनी मागून उचलली, आणि सवयीने मीही त्यांच्याबरोबर तीच ओळ पुन्हा म्हणू लागलो! सगळा मंडप हसला. पोपटबुवा माईकवर म्हणाले, हे बुवा आपला कोरस आपणच घेऊन आलेत. शेवंतीने पदरात तोंड लपवलं. उठून पळावंसं वाटलं.

दुसरी ओळ म्हटली आणि मी ओठ घट्ट मिटून बसलो. तेव्हा मागून नऊ जणांचा आवाज माझ्या पाठीवर आला. दादा, तो पुढे बसल्यावर असा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. कोणीतरी पाठीवर हात ठेवावा आणि म्हणावं, जा पुढे, आम्ही आहोत, तसं वाटलं. डोळे भरून आले, पेटीच्या पट्ट्या दिसेनात. त्यानंतर मी कसा गायलो, ते तुम्हीच सांगा. पोपटबुवांनी उठून मिठी मारली आणि देवळाच्या मंडळींनी पुढच्या वर्षीची बारी तिथल्या तिथे दिली. इतकं सुख तुम्हाला मिळत होतं आणि कधी बोलला नाहीत! तुमच्याबद्दल होतं ते प्रेम काल दुप्पट झालं.

एक मात्र सांगायलाच हवं. मागे एक टाळ सारखा पुढे पळत होता. तो तुमचा. बुवांच्या मागे राहायचं म्हणजे आधी बुवांना ओळ संपवू द्यायची असते, दादा. गुरुवारी तालमीला या, मी शिकवतो. लोभ आहे तसाच राहू द्या, पण उशीर चालणार नाही.

तुमचा,
गुणाजी