साबणावरची जकात

३ मार्च, सकाळी १०
स्वातंत्र्याला आठ महिने झाले, आज मायदेशी परतलेल्या गोऱ्या साहेबाची खोली मला मिळाली. व्यापार खात्याचा प्रमुख! बावीस वर्षं याच दारात फाइल धरून उभा राहिलो. निश्चय : यापुढे कुणालाही भ्यायचं नाही.
दहाच्या ठोक्याला, साहेबाच्या यायच्या वेळी, व्हरांड्यात बूट वाजले. ताडकन उभा राहिलो. शिपाई म्हणाला, कोणी नाही. जुनी इमारत, उंदीर असणारच.

७ मार्च
तिकडच्यांनी, म्हणजे साहेबाच्या देशाने, आपलं कातडं घेणं बंद केलं. आपण नाक घासत यावं, हा डाव. आपलं उत्तर : त्यांच्या साबणावर दुप्पट जकात, एक मेपासून. तोवर कडक गुप्तता. मंत्री, मी आणि टायपिस्टबाई, तिघांनाच ठाऊक.
दादाचा साबणाचा कारखाना आहे. चाळीस माणसं. तिकडच्या स्वस्त वड्यांपुढे टिकत नाही, मशीन विकायला निघाला होता. म्हटलं, मेपर्यंत कळ काढ, मी आहे ना. थांबला बिचारा.

९ मार्च
मसुदा झकास! एकही 'कृपया' नाही. लिहिताना मानेवर कुणाचा तरी श्वास. खुर्ची भिंतीला टेकवली. तरीही.
टायपिस्टबाईंनी विचारलं, कुठे पाठवू. म्हटलं, मंजुरीसाठी, नेहमीच्या पत्त्यावर. त्या काहीतरी बोलणार होत्या, मी हात वर केला. प्रमुखाने ठाम असावं.

१४ एप्रिल
बंदरात तिकडची सात जहाजं. सगळ्यांत साबण. घाबरलेत!

२२ एप्रिल
टपालात माझाच मसुदा परत. लाल पेन्सिलीने दोन स्वल्पविराम सुधारलेले. खाली 'ठीक आहे' आणि साहेबाची सही; तो आता तिकडच्या व्यापार खात्यात बसतो. बावीस वर्षं मसुदे तिकडेच मंजुरीला जायचे, हाही गेला. चूक टायपिस्टबाईंची. जुना पत्ता पाठ ठेवायचा कशाला?
लाज वाटते, पण खरं लिहितो. 'ठीक आहे' वाचून आधी बरं वाटलं. साहेबाने पूर्वी कधी एवढंही लिहिलं नव्हतं.

१ मे
जकात लागू. गोदामांत तिकडचा दोन वर्षं पुरेल एवढा साबण, जुन्या दराने उतरवलेला. दादाने कारखान्याला कुलूप लावलं.
दुपारी ऑफिसात आला. चिडला असता तर परवडलं असतं. एवढंच विचारलं, चाळीसांतल्या चार-पाच जणांना तरी बंदरावर लावशील का. त्याला माझी एक सही पुरते. मी खुर्चीतून उठलो आणि व्हरांड्याकडे बघत म्हणालो, साहेबांना विचारून सांगतो.