सुमनच्या दंडावरचे वळ

बुधवार, दिवेलागण

सुमन म्हणते, विहिरीवर पाय घसरला. पण घसरून पडल्यावर दंडावर बोटांचे वळ कसे उठतील? आज अंगणवाडीत लेकीला, चिमीला, सोडायला आली तेव्हा नवराही बरोबर होता. मी विचारलं तिला आणि उत्तर दिलं त्यानं. "शेवाळ लय झालंय, बाई." एरवी हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

तो बिडी ओढायला बाहेर गेला, तेव्हा तिला हळूच सांगितलं, मारहाणीविरुद्ध कायदा आहे, त्यासाठी घर सोडावं लागत नाही. ती म्हणाली, "तसं काय न्हाई, अक्का." मीच उगीच संशय घेतेय का? पण ते बोटांचे वळ...

तेवढ्यात दाराशी तो खोकला आणि चिमी झटकन माझ्या खुर्चीखाली शिरली. सुमन तिच्याकडे बघतच राहिली.

"चल," तो म्हणाला.

"तुमी फुडं व्हा. मी अक्कासंगं जोयड्याला जाऊन येते."

"कशाला?"

"पोरीचं काम हाय."

दुपारच्या बसनं तालुक्याला गेलो, घरगुती हिंसाचाराची प्रकरणं बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. मायलेकी आज माझ्याकडेच राहतील, हे त्याला कळवलं. तो फक्त "बरं" म्हणाला. त्या "बरं"चीच मला धास्ती वाटतेय.