दीड दिवसाची खुर्ची

आई,

तुझी खुर्ची अजून घरात आहे. आधी हेच सांगतो, कारण तू आज आली असतीस तर पायरी चढल्याबरोबर तुझी नजर तिच्याकडेच गेली असती. चक्रीवादळात पडवीची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या, तेव्हा ती दिवसभर पावसात भिजत होती. पॉलिश पांढरं पडलं, वर ताक सांडावं तसं. मी घाईने तिला उन्हात नेणार होतो, तेवढ्यात तुझं ओरडणं आठवलं, की ओलं लाकूड उन्हात गेलं की तडकतं. मग टिपून घेतली, सावलीत वाऱ्याला ठेवली, भिंतीपासून हातभर लांब, अगदी तू ठेवायचीस तशी. ती पुरती सुकल्यावर पॉलिशवाल्याकडून घासून नवा हात मारून घेतला. आता पुन्हा ती मधाच्या रंगाची दिसते.

पण लिहायला बसलो ते हे सांगायला नाही. तुझ्या सुनेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता मांडी घालणं बंद, जमिनीवर बसणं बंद. पण बसून बसूनही राहायचं नाही. उंच, जड, हात असलेल्या खुर्चीवर बसायचं, हातांवर भार देऊन उठायचं, पुन्हा बसायचं. हे रोज झालं नाही तर गुडघा आखडेल तो आखडेलच. अशी खुर्ची आपल्या घरात एकच आहे आणि त्या खुर्चीवर ती बसायला तयार नव्हती. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, पण तिच्या दृष्टीने ती खुर्ची तुझी होती, आणि तुझ्याही आधी देवाची.

आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची आणली. लादीवर तिचे पाय फाकतात. एकदा ही उठायला गेली आणि खुर्ची मागे सरकली. खिडकीचा गज हातात आला म्हणून पडली नाही. त्यानंतर तिने बसणंच सोडलं. चहा ओट्याशी उभ्याने, जेवण उभ्याने, आणि दमली की सरळ पलंगावर आडवी. मी काही बोललो की म्हणायची, "घोडे उभ्यानेच झोपतात, त्यांचं काय अडतं?" ती हसायची, पण पाय सुजलेला दिसायचा, आणि प्रत्येक आठवड्याला गुडघा आदल्या आठवड्यापेक्षा कमी वाकत होता.

तू साफसफाईला जायचीस त्या शेठच्या बंगल्याची मला या दिवसांत फार आठवण येत होती. समुद्राकडे तोंड केलेला तो दिवाणखाना, त्यातल्या सागवानी खुर्च्या, आरामखुर्ची, ते लांबलचक टेबल. मुंबईची माणसं वर्षातून मोजक्या वेळा यायची आणि बाकीचे सगळे दिवस ते सामान तुझं असायचं. तू दारात चपला काढतेस, पदर खोचतेस, जुन्या लुगड्याचा मऊ फडका काढतेस. आधी कोरडा हात, कारण खाऱ्या हवेने लाकूड चिकट झालेलं असतं आणि ओला फडका लगेच लावला तर मीठ घासलं जाऊन ओरखडे येतात. मग पिळून घट्ट केलेला ओलसर फडका, लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेने. लगेच पुन्हा कोरडा. पावसाळ्यात पायांना पांढरी बुरशी धरायची, ती तू बोटाला फडका गुंडाळून कोपऱ्याकोपऱ्यातून काढायचीस, लहान पोराचे कान पुसावेत तशी. मी सातवीत असताना एकदा त्या आरामखुर्चीत जाऊन बसलो. तू मारलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "ऊठ." मी उठलो आणि मी बसलो होतो ती जागा तू पुसून घेतलीस. मार दिला असतास तर विसरलो असतो.

बंगल्यातली मालकीणबाई वाईट नव्हती. एकदा ती तुला म्हणाली, "अगं, किती वेळ उभी आहेस, बस ना जरा खुर्चीत." तू खाली लादीवर बसलीस. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "बसली का न्हाईस गं?" तू म्हणालीस, "बसली असती, तर उठून खुर्ची परत मलाच पुसायला लागली असती." बाबा पोट धरून हसले. मीही हसलो.

म्हणूनच पतपेढीत लागल्यावर पहिल्या पगारातून तुझ्यासाठी खुर्ची करायची हे माझं ठरलेलं होतं. सुतार घरी आला, तुला उभं केलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली. तू पाय मागे ओढत होतीस. "मेल्या, माझं काय माप घेतोस, मी काय शेठाणी हाय?" तो म्हणाला, "काकी, खुर्ची मापाची नसली तर माणूस लोंबकळतं." पक्क्या सागाची, रुंद फळीच्या बैठकीची, जाड हातांची खुर्ची झाली. पॉलिशचा वास आठवडाभर घरात होता. तू तिच्याभोवती फिरलीस, तिच्या हातांवरून हात फिरवलास, खाली वाकून पाय बघितलेस, आणि फडका आणायला आत गेलीस.

तू बसली नाहीस. आज बसेल, उद्या बसेल म्हणून मी वाट बघत राहिलो. मग गणपती आले आणि तू जाहीर केलंस की यंदा मूर्ती खुर्चीवर बसेल. बाबा म्हणाले, "अगं, पाट हाय की." तू म्हणालीस, "पाट किती जुना झालाय. देवाला नवं नको?" खुर्चीला झेंडूची माळ, बैठकीवर लाल कापड, त्यावर गणपती. शेजारपाजारचे आरतीला आले आणि म्हणाले, सिंहासनच केलंत की! तुझा चेहरा मला अजून दिसतो. दीड दिवसाने विसर्जन झालं, आणि त्यानंतर खुर्चीचा विषय संपला. देव बसला तिथे माणसाने कसं बसायचं? तू रोज पुसायचीस, वर्षातून दीड दिवस देवाला द्यायचीस, आणि जमिनीवर बसून भाजी निवडायचीस. तू गेल्यावर हीदेखील तसंच करत आली.

या श्रावणात आम्ही दोघं माणगावला फर्निचर बघायला गेलो. मोठं दुकान, काचा, आत गारवा. दुकानातला तरुण एकेक खुर्ची पुढे करत होता. भुसा दाबून केलेल्या, वर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेल्या खुर्च्या बघून ही म्हणाली, "आमच्याकडची हवा दोन पावसाळ्यांत यांची फुगवून भाकरी करील." तो हसला आणि अस्सल लाकडाच्या दाखवायला लागला. काहींना हातच नव्हते, काहींची बैठक इतकी खाली की ही बसली ती उठेना, मी आणि त्या पोराने दोन्ही बाजूंनी धरून उठवली. ती लाजली. दुकानभर हिंडून तिने शेवटी एका खुर्चीच्या हातावर तळवा टेकवला, दाबून बघितला आणि हळूच म्हणाली, "आपल्यासारखी नाही." ती कधी घरच्या त्या खुर्चीवर बसली नव्हती. पण रोज पुसताना तिच्या हाताला त्या खुर्चीचं माप झालं होतं.

आम्ही काहीही न घेता परत आलो. वाटेत मी म्हटलं, "तू तीच खुर्ची वापर. यंदा देवाला पाटावर बसवू."

"एकदा सिंहासन दिलं ते काढून घ्यायचं? आणि त्यावर मी बसायचं? माझ्या गुडघ्यापायी?" ती म्हणाली. "तुम्ही रोज देवापुढे दिवा लावता ना, आणि हे मला सांगता?"

तुला माहीत आहे, मलाही या गोष्टी सहज पार करता येत नाहीत. घरी आल्यावर मी माळ्यावर चढलो आणि पाट खाली काढला. धूळ झटकली, कोरडा हात मारला. आई, त्या पाटाला कधी पॉलिश केलेलं नव्हतं, आणि तरी मधोमध तो असा चकचकीत होता की खिडकीचा उजेड त्यात दिसत होता. बाबा बसून बसून आलेली चकाकी. मी तो पाट मांडीवर घेऊन बसून राहिलो आणि खुर्चीच्या आधीचे गणपती आठवले. उत्तरपूजा होते, मूर्ती जागची हलवतात, म्हणजे देव निघाले. बाबा मूर्ती घेऊन समुद्रावर जातात. येताना त्याच पाटावर ओली वाळू घेऊन येतात, तू ती घराच्या चारी कोपऱ्यांत टाकतेस, पाट पुसतेस. आणि त्याच पाटावर, त्याच संध्याकाळी, बाबांचं पान वाढतेस. बाबा जरा थांबतात. तू म्हणतेस, "देव गेलं त्यांच्या घरी. आता तुमी बसा."

मी हे हिला सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी होती.

"आई असं म्हणाल्या होत्या?"

"व्हय," मी म्हटलं. तुझी आठवण काढताना माझ्या तोंडून तुझीच भाषा निघते.

"मग खुर्चीला तो नियम का नाही लावला त्यांनी?"

त्यावर मी तिला आरामखुर्चीची गोष्ट सांगितली, तू पुसलेल्या जागेची. बंगल्यातली बाई बस म्हणाली तेव्हा तू लादीवर बसलीस तीही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खुर्चीकडे.

"म्हणजे देवाचं नुसतं निमित्त," ती म्हणाली. "त्यांना बसताच येत नव्हतं हो तिच्यावर. पुसता येत होतं, म्हणून ज्याच्यासाठी पुसावं असं कुणीतरी तिच्यावर बसवलं."

मग ती खुर्चीपाशी गेली. आधी हात जोडले. मग पाठ फिरवून दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि हळूहळू बसली. पाय जमिनीला नीट टेकले, लोंबकळले नाहीत. तुझी उंची आणि तिची सारखीच आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती उठली. पुन्हा बसली. "चहा टाका," म्हणाली, "आज मी बसून पिणार आहे."

आता ती रोज बसते. गुडघा काटकोनाच्या पुढे वाकतो. डॉक्टर खूश आहेत. गणपतीत दीड दिवस खुर्ची देवाचीच राहणार, ते तिने ठरवलंय. तेवढा वेळ ती प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून बसणार, आणि विसर्जन झालं की पुसून पुन्हा तुझ्या खुर्चीवर. खुर्चीच्या हातांच्या टोकांना, जिथे ती तळवे दाबून उठते तिथे, पॉलिश जरा मंद झालंय. मी फडका घेऊन गेलो तर म्हणाली, "राहू दे, मला पकड मिळते." मी बाकीची खुर्ची पुसली, रेषेच्या दिशेने, आणि ती टोकं तशीच सोडली.

हे पत्र तिला दाखवणार नाही, आणि तुला तर ते पोचायचं नाही. तरी एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला विचारू? बाबा त्या पाटावर बसून जेवायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तू वाळू टाकायचीस, पाट पुसायचीस, पान वाढायचीस, तेही खरं. पण "देव गेलं, आता तुमी बसा" हे शब्द? मी ते तिला इतक्या खात्रीने सांगितले. आता शांतपणे आठवतो तेव्हा मला तुझे फक्त हात दिसतात, पाटावरून फिरणारे, आवाज ऐकू येत नाही. कदाचित तू म्हणाली असशील. कदाचित तिचा सुजलेला पाय बघून मीच ते तुझ्या तोंडी घातलं असेल.

तू म्हणाली नसशील, तर आता म्हण.